मांजराचे पिल्लू नव्या घरी रुळताना
(इयत्ता तिसरी व चौथीसाठी एक निरीक्षण-पाठ)



शाळाभेटीच्या वेळी मुलांशी बोलताना मी त्यांना एक प्रश्न नेहमी विचारतो : "तुमच्यापैकी कोणाच्या घरी मांजर आहे ?" वर्गातील बरेच हात वर होतात. "ते तुमच्या घरी कोठून आले ?" असे विचारताच प्रत्येकास काही सांगावयाचे असते. कोणाच्या मामाने टोपलीतून आणलेले असते, कोणाच्या घरी कणगीमागे व्यालेल्या मांजरीचे असते, तर कोणास ओढ्याकाठी पावसात भिजताना सापडलेले असते. परंतु "त्या पिल्लाची तुमच्या घरातील पहिली रात्र कशी गेली ?" या तिसऱ्या प्रश्नास बहुधा एकच उत्तर मिळते : "रात्रभर ओरडले." ते का ओरडले, हा विचार मुलांनी केलेला नसतो, कारण तो करावयास आपण त्यांना कधी सांगितलेलेच नसते.

ज्या अनुभवामुळे हा पाठ मला आवश्यक वाटू लागला, तो येथे सांगणे उचित होईल. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी इयत्ता तिसरीचा वर्गशिक्षक होतो. एके सकाळी पाढे चालू असता एका मुलाच्या दप्तरातून बारीक आवाज येऊ लागला. दप्तरात मांजराचे पिल्लू होते. त्याचे डोळे नुकतेच उघडले होते आणि पाय पोटाखाली धड येत नव्हते. वर्ग हसू लागला, पाढे थांबले, आणि मी रागाने म्हणालो, "आधी ते घरी ठेवून ये." मुलगा निघून गेला. पिल्लाची आई कोठे आहे, हे मी विचारले नाही. पिल्लाला काय द्यावे, हेही मी सांगितले नाही. पुढे दोन दिवस तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा पिल्लू मेल्याचे त्याने सांगितले. त्याची आई त्याच्या धाकट्या बहिणीला जसे मांडीवर उताणे घेऊन पाजीत असे, तसेच त्याने पिल्लाला उताणे धरून, कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले होते. त्या मुलाची माया खोटी नव्हती. माहिती मात्र त्याच्यापाशी नव्हती, आणि ती देणे हे माझे काम होते.

म्हणून परिसर अभ्यासातील प्राण्यांच्या घटकास जोडून, दोन तासिकांत घेता येईल असा हा पाठ सुचवीत आहे.

पाठाची उद्दिष्टे

(१) पिल्लाला आईपासून केव्हा वेगळे करावे व केव्हा करू नये, हे मुलांस समजावे. (२) नव्या घरी पिल्लाला भीती का वाटते, याची कारणे मुलांनी स्वतः शोधावीत. (३) पिल्लाचे अन्न, जागा, स्वच्छता व हाताळणी यांविषयी योग्य सवयी लागाव्यात. (४) ओरखडा अथवा चावा झाल्यास तो न लपविता तत्काळ काय करावे, हे प्रत्येक मुलास पाठ असावे.

चौथ्या उद्दिष्टासाठी वेळ राखून ठेवावा. इतर काही राहिले तरी चालेल, ते राहू देऊ नये.

पूर्वतयारी

एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका, जुने मऊ फडके, पसरट घमेले, थोडी कोरडी वाळू आणि दोन वाट्या एवढे साहित्य पुरे. पाठासाठी जिवंत पिल्लू वर्गात आणू नये. चाळीस मुलांच्या गलक्यात ते भेदरते, ओरखडते, आणि मुलांच्या मनावर नको तोच संस्कार होतो. निरीक्षण घरी करावे आणि चर्चा वर्गात करावी.

प्रास्ताविक

पाठाचा आरंभ मुलांच्या अनुभवापासून करावा. प्रश्नोत्तरे पुढीलप्रमाणे घेता येतील.

शिक्षक : तुम्ही कधी दुसऱ्या गावी मुक्कामास गेला आहात काय ?
मुले : होय गुरुजी. आत्याकडे. मामाकडे.
शिक्षक : पहिल्या रात्री लगेच झोप लागली का ?
मुले : नाही.
शिक्षक : का बरे ?
मुले : घर नवीन होते. अंधारात काही ओळखू येत नव्हते. आईची आठवण येत होती.
शिक्षक : तुम्हांला निदान आपण कोठे व कशासाठी आलो, हे ठाऊक होते. पिल्लाला ते सांगता येईल काय ?

येथे थोडे थांबावे. उत्तराची घाई करू नये. नंतर हेतुकथन करावे : "मांजराचे पिल्लू नव्या घरी येते तेव्हा त्याला ते घर आपले वाटावे म्हणून काय करावे, हे आज आपण पाहू."

विवेचन

*१. केव्हा आणावे.* जन्मतः पिल्लाचे डोळे मिटलेले असतात. ते साधारणपणे सात ते चौदा दिवसांत उघडतात. पहिल्या तीन आठवड्यांत त्याला स्वतःच्या अंगाची ऊब पुरेशी राखता येत नाही. इतकेच नव्हे, तर आई जिभेने चाटते तेव्हाच त्याचे मलमूत्र विसर्जन होते. चौथ्या आठवड्यापासून ते मऊ अन्न चाखू लागते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे दूध तुटते. याच काळात भावंडांशी खेळताना किती जोराने चावावे व नखे केव्हा आत घ्यावीत, हे ते शिकते. म्हणून आठ आठवडे पुरे होण्यापूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. फळ्यावर एवढे एकच वाक्य लिहून ठेवले तरी गावातील अनेक पिल्ले वाचतील.

एकटे पिल्लू दिसले म्हणजे ते पोरके आहे, असेही समजू नये. "मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते" असे आपण लहानपणापासून ऐकतो. सात हा आकडा लोकांचा. परंतु मांजरी पिल्लांची जागा वारंवार बदलते हे खरे आहे. जागा घाण झाली, माणसांची वा कुत्र्यांची ये-जा वाढली, की ती एकेक पिल्लू मानगुटीस धरून दुसरीकडे नेते. मधल्या वेळात एखादे पिल्लू एकटे दिसते आणि मुले ते उचलून आणतात. अशा वेळी दूर उभे राहून काही तास वाट पाहावी. पिल्लू रस्त्यावर वा पाण्यात असेल, तर मात्र जवळच्याच सुरक्षित आडोशास ठेवावे.

पिल्लू खरोखरच पोरके असेल, तर प्रथम ऊब द्यावी. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवावी. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये. ते पचत नाही. पाजताना पिल्लू पालथेच असावे. उताणे धरल्यास दूध श्वासनलिकेत जाऊन ते दगावते. काय व किती पाजावे, हे त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

*२. पहिली जागा.* पिल्लू आणताना टोपलीवर सैल फडके बांधावे, अथवा खोक्यास भोके पाडावीत. प्लॅस्टिकची पिशवी वा तोंड बांधलेले पोते वापरू नये. ज्या घरून पिल्लू आणावयाचे, तेथील आई ज्यावर निजते त्या गोणपाटाचा वा फडक्याचा एक तुकडा मागून घ्यावा. मांजर डोळ्यांइतकेच नाकानेही जग ओळखते. नव्या घरात सर्व वास परके असताना तो एक तुकडा त्याच्या ओळखीचा असतो.

घरी येताच पिल्लू साऱ्या घरभर सोडू नये आणि शेजारच्या मुलांस पाहावयास बोलावू नये. एक लहान, निवांत कोपरा त्याला द्यावा. स्वतंत्र खोली नसली तरी अडत नाही. पेटीमागे वा पलंगाखाली आडवा ठेवलेला खोका, त्यात फडके, एका बाजूस पाण्याची वाटी व त्यापासून दूर वाळूचे घमेले एवढे पुरते. येथे शिक्षकाने वर्गात आणलेल्या खोक्याची मांडणी मुलांकडूनच करून घ्यावी. वाटी घमेल्याशेजारी का ठेवू नये, हा प्रश्न विचारावा. मुले उत्तर आनंदाने देतात.

मग पिल्लू लपून बसेल. बसू द्यावे. त्याला बाहेर ओढून काढणे ही सर्वांत सामान्य चूक होय. लपण्याची जागा आपल्याला आहे आणि तेथून आपल्याला कोणी काढत नाही, हे कळल्यावरच ते बाहेर येण्याचे धाडस करते. जवळ जमिनीवर शांत बसावे, हळू बोलावे, एकटक पाहू नये. कोणाचे पिल्लू तासाभरात येते, कोणाचे दोन-तीन दिवस घेते. रात्री ओरडल्यास रागावू नये. ते आईला व भावंडांना हाका मारीत असते. ऊब आणि ओळखीचे फडके जवळ असले म्हणजे हे ओरडणे काही रात्रींत कमी होते. एका कोपऱ्यात नीट खाऊ-पिऊ लागल्यावरच पुढची खोली दाखवावी. दोन-तीन आठवडे त्याला अंगणात मोकळे सोडू नये.

*३. अन्न.* "मांजराला काय आवडते ?" या प्रश्नास सारा वर्ग "दूध" असे म्हणेल. येथे मुलांचा समज सुधारावयाचा आहे. आईच्या दुधाहून गाईम्हशीचे दूध वेगळे असते आणि दूध तुटलेल्या पुष्कळ पिल्लांना त्याने ढाळ लागते. पिण्यास स्वच्छ पाणी द्यावे. मांजर हा मूलतः मांसाहारी प्राणी आहे. नुसत्या दूधभातावर वा दूधभाकरीवर त्याचे पोषण होत नाही. डोळे व हृदय यांस आवश्यक असे घटक त्याला मांस व मासे यांतूनच मिळतात. शिजविलेले अंडे, काटे काढलेला मासा, हाडे काढलेले मांस, अथवा परवडल्यास मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारे तयार खाद्य द्यावे. ज्या घरी मांसाहार होत नाही, त्यांनी याचा विचार पिल्लू आणण्यापूर्वी करावा.

रश्श्यातील मासा तसाच टाकू नये. कांदा व लसूण मांजराच्या रक्तास अपायकारक आहेत. आठ आठवड्यांच्या पिल्लाला थोडे थोडे दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी व ठरलेल्या जागी खाऊ घालावे. एक पूर्ण दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्यकास दाखवावे. आपल्या घरातील औषधे त्याला कधीही देऊ नयेत. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते.

*४. स्वच्छता.* उकरून झाकण्याची वृत्ती मांजराच्या अंगीच असते. आपण फक्त जागा दाखवावयाची. खाल्ल्यावर व झोपेतून उठल्यावर पिल्लाला अलगद घमेल्यात ठेवावे. चुकल्यास मारू नये, नाक घासू नये. त्याला चूक कळत नाही, मारणारा हात मात्र कळतो. वाळूतील घाण रोज काढावी आणि हात साबणाने धुवावेत. घरात गरोदर स्त्री असेल तर हे काम तिने करू नये. मांजराच्या विष्ठेतून गर्भास अपाय करणारे जंतू जाऊ शकतात.

*५. हाताळणी.* मांजरी पिल्लाला मानगुटीस धरते, म्हणून मुलेही तसेच धरतात. आईच्या दातांना किती दाब द्यावा ते कळते, आपल्या हाताला कळत नाही, असे सांगावे. एक हात छातीखाली व दुसरा मागील पायांखाली देऊन उचलावे. पिल्लू सुटू पाहील तर लगेच खाली ठेवावे. खात असता व झोपले असता हात लावू नये. शेपूट हलवू लागले, कान मागे पाडले, की खेळ संपला असे समजावे. खेळण्यास बोटे न देता सुतळीस बांधलेला कापडाचा बोळा द्यावा आणि खेळ झाल्यावर सुतळी उचलून ठेवावी; गिळल्यास ती आतड्यात अडकते.

*६. घरातील धोके.* ही यादी मुलांकडूनच काढून घ्यावी. त्यांना आपल्यापेक्षा अधिक सुचते. रात्री विझलेल्या चुलीच्या उबेस पिल्लू राखेत जाऊन निजते; सकाळी चूल पेटविण्यापूर्वी आत पाहावे. मोटारसायकल वा जीप उभी केल्यावर इंजिनाच्या उबेसही ते चढून बसते. उघडा हौद, भरलेली बादली, उंदरांसाठी ठेवलेले विषारी औषध व ते खाऊन मेलेला उंदीर ही सारी संकटेच होत. मांजर उंदरांसाठी आणले असेल, तर त्याच घरात उंदरांचे विष ठेवू नये.

ओरखडा आणि चावा

दुसऱ्या तासिकेचा आरंभ येथून करावा. मुले मांजराचा ओरखडा घरी सांगत नाहीत. मार बसेल, पिल्लू टाकून देतील, ही भीती असते. परंतु पिसाळण्याचा रोग म्हणजे रेबीज हा कुत्र्याप्रमाणेच मांजराच्या लाळेतूनही होऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळीच लस घेतल्यास मात्र तो टळतो. ६ जुलै १८८५ रोजी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या मुलास ही लस प्रथम टोचली गेली. त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी चावले होते. तो वाचला. त्याचे वय नऊ वर्षांचे होते, हे मुलांस अवश्य सांगावे. ते त्यांच्याच वयाचे आहे.

पुढील चार गोष्टी मुलांकडून म्हणवून घ्याव्यात :

(१) जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान १५ मिनिटे धुवावी.
(२) हळद, तिखट, चुना, तेल काही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये.
(३) त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.
(४) डॉक्टर सांगतील ती सर्व इंजेक्शने, ठरलेल्या तारखांस, पुरी करावीत.

आणि पाचवी गोष्ट शिक्षकाने स्वतः पाळावयाची : जो मुलगा अथवा मुलगी ओरखडा दाखवील, तिला रागावू नये. एकदा रागावलो की दुसरा ओरखडा आपल्याला दिसणार नाही. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. जंताचे औषध व इतर लसी यांविषयी त्यापूर्वीच दवाखान्यात विचारावे.

पोत्यातील पिल्ले

पाठ घेताना एखादा विद्यार्थी हमखास सांगतो : "गुरुजी, आमच्या घरची पिल्ले बाबांनी पोत्यात घालून शिवेबाहेर सोडली." मांजर मारल्यास सोन्याचे मांजर दान करावे लागते असे जुने लोक सांगत. मारण्याचे पाप नको, म्हणून सोडण्याची ही वाट निघाली असावी. परंतु आईवेगळे पिल्लू शिवेबाहेर जगत नाही. सोडणाऱ्याला त्याचा मृत्यू दिसत नाही, एवढाच काय तो फरक. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये अपराध आहे. भारतीय संविधानात १९७६ साली समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांतही सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे कर्तव्य सांगितले आहे.

तथापि वर्गात त्या मुलाच्या वडिलांस दोष देऊ नये. मुलाची मान खाली गेली तर पाठ फुकट गेला. पालकसभेत मात्र हा विषय काढावा. पिल्ले आठ आठवड्यांची होईपर्यंत आईजवळ ठेवून मग घरे शोधावीत. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की शस्त्रक्रियेने तिची वीण थांबविता येते. त्याची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी, असे पालकांस सुचवावे.

उपयोजन

ज्यांच्या घरी पिल्लू आहे अथवा येणार आहे, त्यांनी १५ दिवसांची निरीक्षण-वही ठेवावी. रोज तीनच नोंदी असाव्यात : आज ते कोठे झोपले ? काय व किती वेळा खाल्ले ? स्वतःहून कोणाजवळ गेले ? ज्यांच्या घरी मांजर नाही, त्यांनी गाय, शेळी, कोंबडी यांपैकी कोणाच्याही नव्या पिल्लाचे निरीक्षण करावे. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एके दिवशी स्वतःचे नाव लिहिता आले, तर मुलांस होणारा आनंद मोठा असतो, असे मी पाहिले आहे.

शिक्षकांसाठी दोन शब्द

हा पाठ तयार करताना मला इयत्ता पहिलीचे जून महिन्यातील वर्ग वारंवार आठवले. दाराच्या चौकटीस धरून रडणारे मूल आपण पाहतो. त्याला ओढून रांगेत बसविले म्हणजे ते गप्प होते. परंतु रुळते असे नाही. त्यालाही प्रथम एक लहान जागा लागते, घरच्या ओळखीची एखादी वस्तू लागते, ठरलेल्या वेळा लागतात, आणि ते स्वतःहून जवळ येईपर्यंत थांबणारे एक मोठे माणूस लागते. त्या दप्तरातील पिल्लाच्या वेळी मी थांबलो नाही. ती पाच मिनिटे पाढ्यांतून सहज काढता आली असती.

आपल्या शाळेत हा पाठ घेऊन पाहावा, आपल्या गावच्या परिस्थितीनुसार त्यात योग्य ते बदल करावेत, आणि मुलांच्या दोन-तीन निरीक्षण-वह्या केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत सोबत आणाव्यात, अशी विनंती आहे.